एसएलआरचा धक्का फार बसतो, दुसऱ्या राउंडपासून डोळेच मिटतात, काय करू?

अमळनेरची कॅडेट

नमस्कार सगळ्यांना. मी एनसीसीत आहे, सीनियर विंग, दुसरं वर्ष. आतापर्यंत फक्त पॉइंट टू टू डिलक्स (सरावाची छोटी रायफल) चालवली होती आणि माझं ग्रुपिंग आमच्या तुकडीत चांगलं यायचं, 25 मीटरवर पाचही गोळ्या बांगडीत मावतील एवढ्यात. मागच्या महिन्यात आर्मी अटॅचमेंट कॅम्पला गेलो, तिथे पहिल्यांदा 7.62 एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल, फौजेची मोठी रायफल) हातात दिली, पाच राउंड म्हणजे पाच गोळ्या. पहिला राउंड गेला आणि मला कळेचना काय झालं, कानात शिट्टी आणि खांद्यावर कोणी पाटा आपटल्यासारखं. त्यानंतर ट्रिगरवर बोट नेलं की डोळे आपोआप मिटायला लागले, खांदा आधीच आक्रसून जायचा. पाचपैकी दोनच टार्गेटला लागल्या, त्याही खालच्या कडेला. गळ्याच्या हाडापाशी निळं-काळं झालं होतं, आठ दिवस दप्तर त्या खांद्यावर घेता आलं नाही.

सोबतच्या मुली म्हणाल्या रायफल थोडी सैल धर, घट्ट धरली की जास्त लागतं. मी शेवटचे दोन राउंड तसेच मारले आणि तेच सगळ्यात जोरात लागले. तिथे विचारायला वेळ नव्हता, मागे सत्तर जण रांगेत.

माझं वजन 46 किलो, उंची पाच फूट एक इंच. दिवाळीनंतर परत फायरिंग आहे. बारीक माणसाला हे जमतच नाही का? शर्टाच्या आत रुमाल वगैरे ठेवला तर चालतो का? मला मनापासून हे शिकायचंय, माझं पुढे भरतीचं आहे. प्लीज सांगा.

जामनेरचा भो

ताई टेन्शन नको घेऊ, सवयीने होतं. आमच्या वेळी पण असंच झालं होतं, पाच-सहा वेळा फायरिंग केली की खांदा तयार होतो.

माजी फौजी, पारोळा

भो, राग मानू नको पण सवयीने होत नाही. चुकीच्या पकडीने पाचशे राउंड मारले तर चुकीचीच सवय होते आणि भीती पक्की बसते. मी 1988 ला भरती झालो, बरीच वर्षं एसएलआर चालवली, कारगिलच्या आसपास इन्सास (एसएलआरनंतरची, लहान गोळीची रायफल) आली ती पण चालवली, नंतर पोरांना शिकवलं पण. त्यामुळे जे माहितीय ते सविस्तर सांगतो, बेटा तू नीट वाच.

पहिली गोष्ट, सैल धर असं सांगणाऱ्या मुलींचं वाईट मानू नको पण ते एकदम उलटं आहे. बट (रायफलची खांद्याला लावायची मागची बाजू) आणि खांदा यांच्यात बोटभर जरी फट राहिली तर रायफल आधी त्या फटीतून पळत येते आणि मग खांद्यावर आदळते. फट नसेल तर ती आदळत नाही, ढकलते. ढकलणं आणि आदळणं यात फार फरक आहे. तू शेवटचे दोन राउंड सैल धरून मारले आणि तेच जास्त लागले ना, मग तुझ्या खांद्याने तुला बरोबर उत्तर दिलंच आहे.

आता बट ठेवायचा कुठे. उजवा हात समोर लांब करून डाव्या हाताच्या बोटांनी गळ्याच्या हाडावरून बाहेर दंडाकडे सरकत ये. हाड संपतं आणि दंडाचा गोल सुरू व्हायच्या आधी एक मऊ खळगा लागतो, हात पुढे केला की तो अजून खोल होतो. बट तिथेच. तुझं निळं गळ्याच्या हाडापाशी झालंय म्हणजे बट आत आणि वर होता. हाडावर मांस नसतं, तिथे काहीच धक्का झेलला जात नाही. बाहेर दंडावर ठेवला तर दंड सुजतो, पोरं बहुतेक तीच चूक करतात, तू दुसरी केलीस.

आणि बटाची पूर्ण पाठ खांद्याला टेकली पाहिजे. बटाचं फक्त खालचं टोक टेकलं आणि वरचा भाग खांद्याच्या वर हवेत राहिला तर सगळा जोर त्या दोन बोटं जागेवर येतो. फायरिंगच्या आधी शेजारच्या कॅडेटला बाजूने बघायला सांग, स्वतःला दिसत नाही ते.

पकड अशी की उजव्या हाताची मागची तीन बोटं आणि तळवा पिस्टल ग्रिपला (ट्रिगरमागची मूठ) सरळ मागे ओढतात, ट्रिगरचं बोट मात्र मोकळं. डावा हात हँडगार्ड (नळीभोवतीची पुढची पकड) खालून धरतो आणि तो पण थोडा मागे ओढतो. किती जोराने? आपल्या म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देताना हात धरतो ना, सुटू नये पण दुखू नये, तेवढं. फार आवळलं की हात थरथरतो आणि फोरसाईट टिप (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) नाचायला लागते.

गाल बटावर नीट दाबून ठेवायचा. गाल उचललेला असला की बट वर उडताना गालफडावर मारतो आणि मग माणूस पुढच्या राउंडला गाल अजून उचलतो. माझा एक सोबती असाच दर वेळी गाल सुजवून यायचा, उस्तादने (शिकवणाऱ्याने) नुसता गाल चिकटवायला लावला आणि दोन फायरिंगमध्ये प्रश्न मिटला.

लाईंग पोझिशनला शरीर रायफलच्या मागे सरळ रेषेत आण. पूर्वी आम्हाला तिरपं झोपायला शिकवायचे, पण तिरपं झोपलं की धक्का एकट्या खांद्याला मागे फिरवतो. सरळ मागे असलं की धक्का खांद्यातून पाठीत, कमरेत, पायापर्यंत उतरतो. पाय फाकवून टाचा जमिनीला. आणि हे पण लक्षात ठेव, झोपून मारताना धक्का सगळ्यात जास्त जाणवतो कारण खाली जमीन, अंग मागे जायला जागा नाही. उभ्याने मारताना अंग मागे झुलतं आणि धक्का पिऊन टाकतं. म्हणजे तुला पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड पोझिशन मिळाली.

एक गोष्ट फक्त माहिती म्हणून. एसएलआरला गॅस रेग्युलेटर असतो, त्यातून गॅस गरजेपेक्षा जास्त घेतला जात असला तर आतले पार्ट जोरात मागे येतात आणि धक्का कडक वाटतो. त्याला तू हात लावायचा नाही, ते काम तिथल्या आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं. पण बाजूच्या रायफलपेक्षा तुझी फारच मारतेय असं वाटलं तर हात वर करून सांगायला लाजू नको.

मी पहिल्यांदा सुट्टीवर घरी आलो तेव्हा आईने खांदा बघितला आणि विचारलं, काय व्हयनं रे भाऊ, कोनी मारं तुले? तो खांदा निव्वळ चुकीच्या बटाने काळा झाला होता. पुढच्या सुट्टीला काहीच नव्हतं आणि रायफल तीच होती.

भुसावळ, फिजिक्सचा मास्तर

फौजी काकांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, मी फक्त त्यामागचं गणित सांगतो, कारण कॅडेट ताईने वजनाचं विचारलंय आणि त्याचं उत्तर गणितातच आहे.

आपल्या वरणगावला रायफलची काडतुसं बनतात, त्यातलं 7.62 चं काडतूस घ्या. गोळी सव्वानऊ ग्रॅमची, वेग सेकंदाला 840 मीटरच्या आसपास. मागे जवळपास 3 ग्रॅम दारू असते, ती गॅस होऊन गोळीपेक्षाही जास्त वेगाने नळीतून बाहेर पडते, धक्क्याचा साधारण तिसरा हिस्सा तिचाच. हे सगळं पुढे गेलं म्हणजे साडेचार किलोची रायफल मागे यायलाच हवी, आणि ती येते सेकंदाला अडीच मीटरने. ऊर्जा काढली तर 14-15 ज्यूल. म्हणजे काय, तर तीच रायफल एक फुटावरून बट खाली करून खांद्यावर सोडली तर जेवढं लागेल तेवढं. इन्सासचं हेच गणित केलं तर 4 ज्यूल येतं, चार बोटांवरून सोडल्यासारखं. आणि तुमची पॉइंट टू टू अर्ध्या सेंटीमीटरवरून. तुम्ही अर्ध्या सेंटीमीटरवरून एकदम एका फुटावर गेलात ताई, दचकणं साहजिक आहे.

आता वजन. धक्का तुमच्या पूर्ण 46 किलोला बसत नाही, रायफलला जे घट्ट जोडलेलं असतं त्यालाच बसतो. खांदा आणि छाती मिळून 10 किलो जरी रायफलला पक्कं जोडलं गेलं तरी मागे येण्याचा वेग अडीच मीटरवरून पाऊण मीटरच्या आसपास उतरतो. 10 किलो तुमच्याकडे आहे. 90 किलोच्या माणसाने सैल धरली तर त्याला तुमच्यापेक्षा जास्त लागेल.

अजून एक आकडा सांगतो आणि माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण मुलांना वर्गात सांगितला की त्यांचा विश्वास बसत नाही. एसएलआरच्या नळीतून गोळी बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भाग, त्याहून थोडं जास्त, एवढाच वेळ लागतो. तेवढ्या वेळात रायफल जेमतेम एक-दीड मिलिमीटर मागे सरकलेली असते. तुम्हाला जो दणका जाणवतो तो गोळी निघून गेल्यावरचा. म्हणजे तुमच्या तीन गोळ्या धक्क्याने नाही चुकल्या, धक्क्याच्या आधी तुम्ही जे आक्रसलात त्याने चुकल्या.

धुळ्याची ताई, पोलीस

कॅडेट ताई, मी पोलिसात आहे आणि माझी उंची तुझ्यापेक्षा फक्त एक इंच जास्त. दोन-तीन गोष्टी अशा आहेत ज्या पुरुष उस्ताद सांगत नाहीत कारण त्यांना माहितीच नसतात.

आतल्या कपड्याची पट्टी नेमकी त्या खळग्यावरून जाते, आणि तिला प्लास्टिकची किंवा लोखंडी कडी असते लांबी कमीजास्त करायची. ती कडी बटाखाली आली की प्रत्येक राउंडला ती चामडीत रुतते. मला पहिल्या फायरिंगला नेमका त्या कडीचा ठसा उठला होता, चौकोनी. फायरिंगच्या दिवशी कडी पाठीमागे सरकवून घे किंवा स्पोर्ट्सची बिनकडीची घाल. गळ्यात चेन, काळी पोत काही नको. शर्टाच्या खिशाचं बटण, नेमप्लेट, लॅनयार्ड (वर्दीवरची खांद्याची दोरी) बटाखाली येतंय का तेही बघ.

रुमालाचं विचारलंस. पातळ सुती रुमालाची दोन-तीन पदरी सपाट घडी चालते, पण आधी तिथल्या स्टाफला विचारून. जाड टॉवेल घालू नको. आपले हात आखूड, बट आधीच आपल्याला लांब पडतो, त्यात अजून बोटभर टॉवेल घातला की मान पुढे ताणावी लागते आणि बट घसरून दंडावर येतो. मी जाड टॉवेल करून बघितला होता, दंड आठवडाभर वर होत नव्हता. बट लांब वाटत असेल तर छाती टार्गेटकडे जास्त सरळ कर आणि डावा हात हँडगार्डवर थोडा मागे घे.

आणि खांदा पूर्ण बरा झाल्याशिवाय परत फायर करू नको. हाड दाबल्यावर अजून दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरला दाखव, लपवू नको. भरतीसाठी खांदा लागणारच आहे.

रावेर, केळीवाला

रायफल नाही पण वडिलांच्या नावची लायसनची बारा बोअर (छऱ्याची बंदूक) आमच्या घरी आहे, आता माझ्या नावावर झालीय. केळीत रानडुकरं घुसतात, त्यांना परवानगीशिवाय मारता येत नाही, त्यामुळे ती आपली घरात बंदोबस्ताला. बारा बोअर हलकी असली की एसएलआरच्या दुप्पट मारते हे मास्तरांच्या गणितात पण येईल. बटाला मागे लोखंडी पट्टी होती, ती काढून रबराचा पॅड बसवून घेतला, लायसनवाल्या दुरुस्तीवाल्याकडूनच, आणि पॅडच्या जाडीएवढं लाकूड त्याने कापलं नाहीतर बट लांब झाला असता. दुसरं म्हणजे काडतूस. ज्यात छर्रा कमी ते कमी मारतं, स्पर्धेवाले 24 ग्रॅमचं वापरतात, जड काडतूस आणि ते यात लगेच फरक कळतो. घरी करवत घेऊन कोणी काही करू नका, हत्यार पण बिघडतं आणि लायसनचं पण लफडं होतं.

काकांनी खळग्याचं सांगितलं ते वाचून आमच्या कटाईवाल्या मजुरांची आठवण आली. वीस-पंचवीस किलोचा घड दिवसभर वाहतात, खांद्यावर जुन्या गोधडीची घडी असते, पण नवा पोरगा आला की घडी असूनही खांदा सोलतो आणि जुना माणूस घडी नसली तरी चालतो. जुना माणूस घड हाडावर टेकूच देत नाही आणि उचलताना खांदा घडाखाली नेऊन लावतो, वरून आपटून घेत नाही.

अमळनेरची कॅडेट

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलं, खरंच खूप आभार. काका, तुम्ही सांगितलं तसं बोटाने चाचपडून बघितलं, तो खळगा सापडला, आणि निळं झालेली जागा त्याच्यापासून तीन बोटं आत आहे! धुळ्याच्या ताई, कडीचं तर माझ्या डोक्यातच आलं नसतं.

पण मास्तर सर, मी आधी आक्रसते म्हणून गोळी चुकते हे पटलं, तरी ते थांबवायचं कसं? मी ठरवून डोळे उघडे ठेवते तरी मिटतातच. आता तर पॉइंट टू टू घेतली तरी मिटतात, आधी कधीच असं होत नव्हतं. याचं मला जास्त वाईट वाटतंय.

जळगाव, रायफल शूटिंग

हे होतं आणि जातं पण, नक्की जातं. मी स्पर्धेत पॉइंट टू टू मारतो आणि मध्ये एकदा मोठ्या रायफलवर हात मारून आल्यावर मला पण हेच झालं होतं, दीड महिना गेला.

सगळ्यात आधी कान. डोळे खांद्यामुळे मिटत नाहीत, बहुतेक वेळा आवाजाने मिटतात. मोठ्या रायफलचा आवाज कानापाशी 150 डेसिबलच्या वर जातो आणि 140 च्या वर कानाला कायमची इजा होऊ शकते. तू लिहिलंयस ना की कानात शिट्टी वाजली, म्हणजे कानात एकतर काही नव्हतं किंवा कापसाचा बोळा होता. कापूस काही कामाचा नाही. मेडिकलवर फोमचे इअरप्लग मिळतात ते घे. लावायची पण पद्धत आहे, बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बाहेर अर्धा लोंबत असेल तर तो बसलेलाच नाही. माझं स्वतःचं आक्रसणं निम्मं तर नुसत्या कान बंद करण्याने गेलं. हुकूम ऐकू येणार नाहीत अशी भीती वाटते पण येतात, जवळून ओरडतात ते.

दुसरं, मोठी रायफल आता काही दिवस विसर. पॉइंट टू टू वर परत ये, आणि नुसत्या मोकळ्या रायफलवर सराव कर. स्टाफसमोर, मॅगझिन काढून, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) दोनदा तपासून, नळी सुरक्षित दिशेला. फोरसाईटच्या मागे नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायला सांगायचं आणि नाणं न पाडता ट्रिगर दाबायचा. दहापैकी दहा वेळा नाणं राहिलं की समज बोट सुधरलं. पॉइंट टू टू ला मात्र आत वापरलेल्या काडतुसाचं रिकामं खोकं किंवा डमी (खोटं काडतूस) असल्याशिवाय ट्रिगर मारू नको, तिची पिन काडतुसाच्या कडेवर आपटते आणि काडतूस नसलं की चेंबरच्या काठालाच लागते, काठ खराब होतो.

तिसरं सगळ्यात भारी आहे. उस्तादला विनंती कर की मॅगझिन त्यांनी भरावी, मध्येच एखादी डमी घालून, तुला न सांगता. तू खरा राउंड समजून दाबतेस, आवाज होत नाही, धक्का नाही, आणि रायफलचं टोक मात्र खाली झुकतं. ते झुकणं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की मेंदूला जे कळतं ते हजार वेळा सांगून कळत नाही. पहिल्यांदा माझं टोक वीतभर खाली गेलं होतं, मला धक्काच बसला.

डोळे उघडे ठेवायचं ठरवू नको, त्याने उलट ताण येतो. त्याऐवजी हे ठरव की गोळी सुटल्यावर टिप कुठे उडाली ते मला सांगायचंय. प्रत्येक राउंडनंतर तोंडाने बोल, वर गेली, उजवीकडे गेली. ते बघायचं असलं की डोळे आपोआप उघडे राहतात. ट्रिगर पण सुटल्यावर लगेच सोडायचा नाही, एक क्षण दाबून तसंच टिपकडे बघत राहायचं. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसला ज्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं ती पॉइंट टू टू चीच स्पर्धा, धक्का नसल्यातच जमा, तरी त्या खेळात गोळी सुटल्यावर थांबणं हे सगळ्यात जास्त घोटलं जातं.

नळीच्या तोंडाला लावायचे ब्रेक असतात जे गॅस बाजूला फेकून धक्का कमी करतात, कोणी सुचवेल म्हणून सांगतो, आवाज अजून वाढतो आणि कॅम्पच्या हत्याराला ते लावायचा प्रश्नच येत नाही.

माजी फौजी, पारोळा

जळगावच्या भाऊने डमीचं सांगितलं ते फार चांगलं. बेटा, अजून एकच. एसएलआरला पाच राउंड मिळतात, ते घाईने संपवू नको. प्रत्येक राउंडनंतर बट खळग्यातून हललेला असतो, परत बसव, गाल परत लाव, श्वास अर्धा सोड, मग पुढचा. मागे सत्तर जण उभे असू देत. जायच्या आधी रोज घरी दहा मिनिटं पालथी झोपून, कोपरं टेकून, काठी खांद्याला लावून बस. खांद्याला जागा पाठ झाली पाहिजे.

अमळनेरची कॅडेट

दिवाळीनंतरचं सांगायचं राहिलं होतं. फायरिंग झाली. आमच्या एनसीसीच्या उस्तादांनी आधी दोन रविवार डमीवाला सराव घेतला, माझं टोक पण वीतभर झुकलं, बघून रडू आलं होतं मला, दुसऱ्या रविवारी बोटभर झुकलं. परवा एसएलआरचे पाच राउंड, कानात प्लग, कडी पाठीमागे. पाचपैकी चार टार्गेटवर, त्यातल्या तीन जवळजवळ. दुसऱ्या राउंडला गाल उचलला गेला, तो चुकला, मला सुटतानाच कळलं. बाकी चारही वेळा टिप वर आणि थोडी उजवीकडे गेली, मी बघितली.

खांद्यावर थोडं लालसर आहे, खळग्यातच. दप्तर घेऊन आज कॉलेजला गेले.